घराला वास येतो

आमच्या श्रीवर्धनच्या घराला सध्या चारच्या आसपास तारे आहेत. घराला तारे असतात हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. घराला ओटी असते, मागीलदार असतं, सुपारीची वाडी असते, एखादी तुंबणारी मोरी असते, एवढंच ठाऊक होतं. आता कुणीतरी पुण्याहून येतं, दोन रात्री आमच्या पलंगावर लोळतं आणि परतताना गाडीत बसल्या बसल्या अंगठ्याने ठरवतं, की आम्ही किती ताऱ्यांचे. मला याची शिसारी येते, आणि ती मी लपवणार नाही.

वादळात अर्धी वाडी आडवी झाली, तिथून हे सुरू झालं. सुपारीचं नवं रोप फळायला वर्षं जातात. तोवर खायचं काय, म्हणून धाकट्या भावाने मागच्या अंगाला खोल्या बांधल्या आणि घर अ‍ॅपवर टाकलं. त्यात त्याचं काही चुकलं असं मी म्हणत नाही. मी लग्न होऊन पनवेलला असते. घर तो आणि आई चालवतात. पाहुणे, पाण्याची मोटर आणि मोबाइल त्याच्याकडे, स्वयंपाक आईकडे. आईच्या हाताबद्दल मी मुलगी म्हणून बोलले तर खरं वाटणार नाही, पण आमच्या आळीतल्या बायका, ज्या एकमेकींच्या जेवणाला मरेस्तोवर चांगलं म्हणणार नाहीत, त्यासुद्धा सोड्याचं, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीचं, कालवण आईकडूनच करून न्यायच्या. लहानपणी कुणी ताटावर नाक मुरडलं, तर आई एक शब्द न बोलता ताट उचलायची. उपाशी झोपायचं असेल तर झोपा.

या बाईच्या घराबद्दल लोक काय काय लिहितात! एकाने लिहिलं, समुद्राचा आवाज रात्रभर येतो. आम्ही तो जेवणं झाली की बंद करतो, असं त्याला कुणी सांगितलं होतं? एकीला वाडीत डास सापडले. एका महाभागाने लाटा फोटोतल्यापेक्षा लहान निघाल्या म्हणून तारा कापला. भाऊ सगळ्यांच्या खाली एकच उत्तर चिकटवतो: आपल्या अमूल्य अभिप्रायाबद्दल आभारी आहोत. डासांबद्दल आभारी, लाटांबद्दलही आभारी. वाचून माझं डोकं सणकतं.

आणि ते व्हिडिओ! गेल्या हिवाळ्यात मी घरी असताना एक जोडपं थेट स्वयंपाकघरात शिरलं. आई तांदळाच्या भाकऱ्या करत होती. "काकी, पदर जरा डोक्यावरून घ्या ना, गावचं वाटेल," त्यातली मुलगी म्हणाली. आईने उभ्या जन्मात डोक्यावर पदर घेतलेला नाही, पण घेतला. मग थापताना हाताची सावली पडली, म्हणून परत थापा. मग मागे मिक्सर दिसला, म्हणून परत. शेवटी पीठ संपलं, तर त्यांनी भाजलेलीच भाकरी परातीत ठेवून तिच्यावर नुसते हात मारायला लावले. जेवायला बसल्यावर ताटाचे फोटो काढण्यात कालवण गार झालं आणि अर्धं टाकलं. वर 'आजीच्या हातची चव' असं लिहून मोकळे झाले. मला त्या क्षणी त्यांच्या हातातला फोन घेऊन कालवणात बुडवावासा वाटला.

पण हे सगळं आईने हसण्यावारी नेलं होतं. तिला लागलं ते वेगळंच.

एका बाईने लिहिलं: 'जागा छान, पण घराला मासळीचा वास येतो. मालकीणबाईंच्या चेहऱ्यावर हसू नाही.' तारे दोन. भाऊ रोज संध्याकाळी नवीन आलेलं आईला वाचून दाखवतो, तसं त्याने हेही वाचलं.

"कुणाची रे ती?" आईने विचारलं.

नाव अर्धंच होतं. फोटोत गॉगल लावलेलं कुत्र्याचं पिल्लू.

"म्हणजे कुठल्या गावची? इथं जेवून गेली न्हाय का? मग ठिकाण असंल की काहीतरी." आपल्या पंगतीला बसून गेलेल्या माणसाला गाव नाही, बाप नाही, हे तिच्या पचनीच पडेना. शेवटी ती म्हणाली, "तिला पावशेर सोडे पाठव. म्हणावं, राग धरू नको."

वासाची तक्रार करणाऱ्या बाईला सोडे! भाऊ हे मला फोनवर सांगताना पोट धरधरून हसला. मीही हसले. हसू ओसरल्यावर मात्र त्या बाईचा असा संताप आला, की सांगता सोय नाही. समुद्रकाठच्या घरात मासळीचा नाही तर कशाचा वास यायचा?

पुढच्या खेपेला मी गेले, तर घरात शिरताच गुलाबाचा वास. खरा नव्हे, डब्यातला, फुसफुस मारायचा. सुक्या मासळीचे डबे स्वयंपाकघरातून पार वाडीच्या टोकाला, खतं ठेवतात त्या खोपटात गेले होते. जवळा भाजायचा झाला तर आई शेगडी घेऊन तिकडे जाऊन बसायची, तेही पाहुणे नसतील तेव्हा. घरात बाहेरचं माणूस आलं, की ती पटकन दात दाखवायची. आईचं ते हसू मला बघवेना.

मी भावावर तोंड सोडलं. तो म्हणाला, "ताई, तुला पनवेलला बसून बोलायला काय हाय. तारे उतरले की आपण यादीत खाली. खालचं घर कोण बघतो? रोपं अजून गुडघ्याएवढी न्हाय झाली." त्याचं खरं होतं, आणि त्याचीच मला जास्त चीड आली. कुठल्या तरी कुत्र्याच्या पिल्लाने दोन बोटांनी काहीतरी खरडायचं आणि माझ्या आईने तिच्याच घरातून खोपटात जाऊन बसायचं.

रविवारी दुपारी पाहुणे गेले. आईने मला पान वाढलं. कोलंबीचं कालवण होतं, पण लसूण नावाला, मिरची जवळजवळ नाहीच. वर नारळाचं दूध घालून सगळं गोडमिट्ट केलेलं. सगळ्यांना चालेल असं. मी भाकरी संपवली, भात थोडा खाल्ला, कालवण वाटीत तसंच राहिलं. मला ते जाईचना.

आई पाहुण्यांच्या चादरी गोळा करत होती. तिचं लक्ष वाटीकडे गेलं. मला वाटलं, आता ताट उचलणार. वाटलं काय, मी वाटच बघत होते. ती चादरी खाली ठेवून जवळ आली, भाऊ ओटीवर आहे का ते वाकून पाहिलं आणि अगदी हळू म्हणाली, "काय कमी असंल तर मला सांग हां, बाय. तिथं लिहू नको."