पोपटांची बाजू

आईकडे सोन्याचं एकच पदक आहे, तिच्या आत्यानं लग्नात दिलेलं. एका बाजूला पांढरे खडे जडवलेले. दुसऱ्या बाजूला मिन्याच्या रंगकामातली लाल फुलं आणि दोन हिरवे पोपट. आई पहिल्यापासून पोपट समोर ठेवूनच ते घालते. खडे अंगाला टोचतात, पण तिला पोपट आवडतात. गावात तिला कुणी टोकलं नाही, कारण असलं पदक दुसऱ्या कुणाकडे नव्हतंच.

धुळ्याला मावसभावाच्या लग्नात नवरीच्या मावशीनं ते हातात धरून उलटं केलं. "ताई, पाठ पुढे करून घातलीये तुम्ही. मिना आतल्या अंगाला असतो." बायका हसल्या. आईसुद्धा हसली. मग निघेपर्यंत तिनं पदर गळ्याभोवतीच धरून ठेवला.

काही दिवसांनी ती जळगावला माझ्या होस्टेलवर आली. कडी बदलून घ्यायची होती, अशी की खडेच समोर राहतील आणि पदक पुन्हा उलटणार नाही. आम्ही सराफाकडे गेलो.

"बरोबर आहे अक्का," सराफ म्हणाला. "खडे पुढे, मिना मागे. इतकी वर्षं उलटंच घातलं की."

तो खोटं सांगत नव्हता. पुढे लायब्ररीत मीही तेच वाचलं. पण आईचा उतरलेला चेहरा मला बघवेना. दुकानात बोलायची मला भीती वाटते, तरी बोलले.

"काका, पोपट समोर राहतील अशी बसवा कडी."

"मिना घासला जाईल, बेटा. कॉलेजात हेच शिकवतात का?"

"नाही. पण आईला जे आवडतं, ते तिनं मागे का ठेवायचं?"

आई माझा हात दाबत होती, गप्प बस म्हणून. मग तिची पकड सैल झाली आणि ती आपल्या अहिराणीतच बोलली.

"भाऊ, पोपट मांगे कसाले ठेवू? बठ्ठास्ले दिसू द्या."

"सगळ्यांना दिसलं तर लोक हसतील, अक्का."

"हसू द्या. तेस्ना गळामा थोडंच शे."

सराफानं एकदा आमच्या दोघींकडे पाहिलं आणि चिमटा उचलला. खड्यांची बाजू खाली करून त्यानं पदक कापडावर ठेवलं. पद्धत काय आहे, हे आता आम्हा दोघींनाही ठाऊक आहे. तरी आई ते तसंच घालते. आता चुकून नाही.