शेडला कुलूप

"…आणि मग शेडला कुलूप!" कुंपणापलीकडून शिंदे भावजींचं एवढंच वाक्य माझ्या कानावर आलं, आणि नेमका तेव्हाच मागच्या घरातल्या माणसाने मोवर सुरू केला. पुढचं सगळं गवताबरोबर गेलं!

मी मुद्दाम ऐकत नाही हं. पण इथे परदेशात, आमच्या स्प्रिंगफील्ड लेक्समध्ये घरं इतकी चिकटून, की शेजारच्या कुकरच्या शिट्ट्याही आपणच मोजतो. त्यामुळे या शेडचे किस्से माझ्याकडे भरपूर साठलेत.

शेड व्यापारी संघटनेची. हार्डवेअरवाला बॅरी प्रेसिडेंट, आमचे भावजी सेक्रेटरी. इंग्रजांची इथे कॉलनी होती तेव्हा सरकारने बाजारासाठी राखून ठेवलेली ही जमीन. बॅरीच्या आजोबांपासून दुकानदार ती वापरतात, पण कागद कुणाकडेच नाही. आता संघटनेने अर्ज केला होता, की जमीन आमच्या नावावर करा.

आणि त्याच शेडच्या कोपऱ्यात भावजींच्या बायकोची, वैशालीची, पिठाची गिरणी. एज्ड केअरची, म्हणजे म्हाताऱ्यांच्या देखभालीची, नोकरी सोडून तिने ती टाकली. घरी लावायची तर आवाजाची तक्रार होते. शेड गेली तर गिरणी न्यायची कुठे?

*

दुसऱ्याच दिवशी सरकारचं पत्र आलं. भावजींनी त्यातली एकच ओळ वाचली. "लँड विल बी रिझ्यूम्ड! म्हणजे पुन्हा सुरू! झालं आपलं काम!" वैशालीने लगेच पेढे वळले. मला हाक मारावी लागलीच नाही, मी आधीच दारात होते.

तेवढ्यात त्यांची लेक रेवा युनिव्हर्सिटीतून आली. तिने पत्र वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. "बाबा, नो! इथे रिझ्यूम मीन्स दे आर टेकिंग इट बॅक."

माझ्या तोंडात अर्धा पेढा, गिळवेना की टाकवेना!

शेवटी भावजीच म्हणाले, "खा वहिनी. कशाचे ते मागाहून ठरवू."

*

तेव्हापासून वैशालीने जी धास्ती घेतली! रस्त्यावर सरकारी वाटेल अशी पांढरी गाडी दिसली, की गिरणी बंद. "ताई, हातपाय गार पडतात हो माझे," म्हणायची.

एकदा मी तिथे बसले असताना गाडी थेट दारात थांबली. वैशालीने बटण बंद केलं, माझा दंड धरला आणि आम्ही दोघी ज्वारीच्या पोत्यांमागे! बूट वाजत आत आले. "हॅलो? एनीबडी हिअर?" माझी छाती अशी धडधडत होती, की मला वाटलं गिरणी चालूच राहिली.

मग तो बिचारा पोत्यांनाच म्हणाला, "डू यू डू ग्लूटेन फ्री?"

*

मग आला सर्व्हेअर. त्याने शेडच्या मागे, गिरणीच्या भिंतीला लागूनच गुलाबी रिबिनीची खुंटी ठोकली आणि जेवायला गेला. वैशाली खुंटीकडे बघतच राहिली. मग घरी जाऊन नारळ आणि हळद-कुंकू घेऊन आली. "जमीन कुणाच्या का नावावर असेना ताई, हात जोडायला काय जातं?"

सर्व्हेअर परत आला, खुंटीवरचा लाल रंग बघून चार पावलं मागे सरकला आणि फोनवर हळूच म्हणाला, "पॉसिबली ब्लड, मेट."

पोलीस आले! भावजी घामाघूम. "नो ब्लड मॅडम, ओन्ली पावडर! फॉर रिस्पेक्ट!"

पोलीसबाईने शेंडीवाल्या नारळाकडे बोट रोखलं. "अँड हू इज दॅट?"

*

शेवटी निकाल सांगायला सरकारी अधिकारी शेडमध्येच आला. सोबत एक वयस्कर बाई. सगळे तिला ‘आंटी जून’ म्हणत होते. आपल्याकडे कोणीही आंटी, म्हणून मी रेवाला विचारलं, "बॅरीची मावशी का गं?"

"काकू, श्श! शी इज ॲन एल्डर. ही जमीन तिच्या लोकांची, इथल्या मूळ रहिवाशांची आहे, सगळ्यांच्या आधीपासून."

अधिकारी वाचत होता आणि वैशालीने माझा हात इतका आवळला होता, की बांगडी रुतली. मागची पट्टी रस्त्यासाठी सरकारने परत घेतली. पुढचं अंगण आणि शेड संघटनेला. गिरणी राहिली! फक्त अट एकच. इतकी वर्षं उघडी असलेल्या शेडला आता रोज कुलूप. म्हणजे कुंपणापलीकडून ऐकलेलं भावजींचं कुलूप खरं निघालं, पण किल्ल्या आमच्याकडेच. दोन होत्या. त्या वैशालीच्या हातात पडल्या.

बॅरी छाती फुगवून म्हणाला, "वी हॅव बीन हिअर सिन्स माय ग्रँडफादर्स टाइम!"

आंटी जून गिरणीपाशी गेली. "व्हॉट डू यू ग्राइंड, लव्ह?"

वैशालीने सांगितलं, ज्वारी. आंटीने डब्यातलं पीठ चिमटीत घेतलं, बोटांत चोळलं. "माझी आजी इथेच बी दळायची," ती इंग्रजीत म्हणाली. "दगडावर. तिला कुणी कागद दिला नव्हता."

वैशालीने कमिटीला विचारलं नाही, नवऱ्याकडे बघितलंसुद्धा नाही. एक किल्ली काढून तिने आंटीच्या हातावर ठेवली. आंटीने ती खिशात टाकली.

बॅरी छताकडे बघायला लागला. भावजी माझ्या कानाशी आले. "वहिनी, एवढं ग्रुपवर टाकू नका."