यादीतलं नववं औषध

रविवार, सकाळी नऊ. जत्रेला अकरा दिवस. हजर: दादा, वहिनी, धामापूरहून आलेली आत्या आणि मी. गैरहजर कोणी नाही; आत्या आल्यावर गैरहजर राहायची कोणाची टाप नाही.

विषय दादाच्या श्वासनळीचा. मोठ्या आजारपणात त्याच्या घशात बरेच दिवस नळी होती. नळी निघाली, पण आत व्रण राहिला, तो जाड झाला आणि हवेची वाट अरुंद झाली. गोव्याचे डॉक्टर फुगा घालून ती रुंद करतात; काही महिन्यांनी व्रण पुन्हा वाढतो. दादा जिना चढला की शिट्टी वाजते. वहिनी म्हणते, "तिसरी वाजली की गॅस बंद करतंय."

जत्रेत गाऱ्हाणं घालायचा मान दादाचा. तो देवापुढे मागणं मांडतो आणि तो थांबला की सगळा गाव 'व्हय म्हाराजा' म्हणतो. गेल्या वर्षी त्याला दर चार शब्दांनी दम लागत होता.

"बा देवा म्हाराजा, इडापिडा गावात येवक..."

"व्हय म्हाराजा!"

'देव नको', म्हणजे येऊ देऊ नको, हे म्हणायला त्याने श्वास घेतला, तोवर गावाने इडापिडेला होकार देऊन टाकला होता. यंदाही असंच झालं तर मान चुलतभावाकडे जाईल. दादा हे बोलत नाही, पण जेवण कमी झालंय.

मागे डॉक्टर म्हणाले होते, हळदीतल्या आणि आणखी काही वनस्पतींतल्या घटकांनी असा व्रण रोखता येईल का, यावर प्रयोगशाळेत काम चाललंय. औषध अजून झालेलं नाही. वहिनीने यातला पहिला अर्धाच भाग गावात सांगितला. घरात पाले आणि मुळ्या येऊ लागल्या. दादा सगळं प्यायला.

काल डॉक्टरांचा फोन आला. बुधवारी फुगा. झाडपाला आजपासून बंद, काहींनी रक्त पातळ होतं. काय काय घेतलं त्याची नावांसकट यादी हवी, त्याशिवाय हात लावणार नाही.

दहापर्यंत माझी आठ नावं लिहून झाली. नववी आत्याने दिलेली मुळीच्या काढ्याची बाटली.

"आत्ये, ह्या मूळ कसला?"

"नाव सांगला तर गुण जातलो."

"डॉक्टराक नाव व्हया."

"सांग त्येका, आत्येन दिला म्हणान."

वहिनीने तोडगा काढला: नावं आपण घ्यायची, आत्याने नुसतं होय म्हणायचं. दादा सवयीने हात जोडून उभा राहिला.

"अडुळसो..."

"व्हय म्हाराजा!" आत्या.

मी लिहिलं.

"ज्येष्ठमध..."

"व्हय म्हाराजा!" आत्या आणि वहिनी.

"कोकम..."

"व्हय म्हाराजा!" यात मीही होते.

"आत्ये, कोकमाचा मूळ दिलंस?"

"खुळी काय गो तू? तो थांबलो म्हणान मी बोललंय."

तिन्ही नावं खोडली. शेवटी आत्या झाड दाखवायला कबूल झाली. अट एकच: घरातून निघाल्यापासून परत येईपर्यंत मी शब्द काढायचा नाही.

"ही? गप रवतली?" दादा माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "मगे माजो मान गेलोच."

उद्या सकाळी धामापूर. कोयता आणि पिशवी दाराशी ठेवली आहे. पानांसकट फांदी आणून कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या सरांना दाखवायची आहे. नवव्या आकड्यापुढची जागा अजून कोरी आहे.