वेबसाइटवरचा नवरदेव

आमच्या शाळेची वेबसाइट निघाली तेव्हा गावात ती बघायची सोय नव्हती. त्यामुळे तिच्याबद्दल कोणाची तक्रारही नव्हती. नव्वदचं दशक संपत आलं होतं. संस्थेचे अध्यक्ष पुण्यात कुठल्याशा शाळेची वेबसाइट बघून कोपरगावला परतले आणि हुकूम निघाला : प्रत्येक शिक्षकाचं एक पान, त्यावर फोटो आणि चार ओळींचा परिचय. परिचय लिहायचं काम माझ्याकडे आलं, कारण मराठीच्या शिक्षकाला लिहायला कष्ट पडत नाहीत अशी सार्वत्रिक समजूत आहे. मी सगळ्यांना ‘विद्यार्थिप्रिय’ करून टाकलं. एकदोघांच्या बाबतीत हात अडखळला, पण थांबला नाही.

फोटोंची गोष्ट वेगळी. आमच्या संस्थेत सत्कार फार. निकाल चांगला लागला की सत्कार, बढती मिळाली की सत्कार, बदली झाली तर जरा जास्तच मनापासून सत्कार. अध्यक्ष शाल पांघरत, नारळ देत आणि फोटोग्राफर तेवढ्यात फोटो काढी. आपल्याला कोण बोलावतं हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे प्रत्येक फोटोत अध्यक्ष मधोमध, थेट कॅमेऱ्याकडे बघत. आणि सत्कारमूर्ती कडेला, हाराआड, मान खाली घालून. बहुतेकांकडे फोटो म्हणून हेच होते. तेच आम्ही पाठवले.

वेबसाइट करणारा श्रीरामपूरला कॉम्प्युटर क्लास चालवायचा. आम्हाला तो ओळखत नव्हता. एका पानावर एकच चेहरा ठेवा, असं त्याला सांगितलं होतं. त्याने इमानदारीने प्रत्येक फोटोतला सर्वांत स्पष्ट चेहरा ठेवला आणि बाकीचं कापलं. सगळ्या विषयांना एकच गृहस्थ कसे, हा प्रश्न त्यालाही पडला असणार. पण संस्थांची कामं घेणारा माणूस असले प्रश्न विचारत नाही.

उद्घाटन थाटात झालं. श्रीरामपूरहून तेवढ्यापुरता आणलेल्या मॉनिटरला हार घातला, नारळ जरा लांबच फोडला. पडद्यावर पहिलं पान आलं, त्यावर अध्यक्षांचं मनोगत. पुढची पानं उघडण्याआधी चहा आला.

याच सुमारास आमच्या गणिताच्या तरुण सरांसाठी नेवाशाचं एक स्थळ आलं. मुलगी डी.एड. झालेली. सरांनी तिला एका लग्नात पाहिलं होतं आणि मनातल्या मनात ते पुरते नेवाशाचे झाले होते. तिने मात्र त्यांना पाहिलं नव्हतं. तिचा भाऊ पुण्यात कॉम्प्युटरच्या कंपनीत. फोटो पाठवू नका, मी वेबसाइटवर बघतो, असा त्याचा निरोप आला. नंतर मध्यस्थाने दुसरा निरोप आणला. तो ऐकून सर स्टाफरूममध्ये माझ्या शेजारी येऊन बसले.

“सर, मी वय लपवलं म्हनत्यात. साठीचा दिसतो म्हने.”

आम्ही श्रीरामपूरला जाऊन पान उघडलं. वर सरांचं नाव, खाली मी लिहिलेलं ‘उत्साही, तरुण, विद्यार्थिप्रिय’ आणि मध्ये पांढऱ्या मिशांचे, टोपीतले अध्यक्ष. सरांनी स्टुडिओत जाऊन नवा फोटो काढला नि पाठवला. नेवाशाहून उत्तर आलं : वेबसाइट संस्थेची आहे, म्हणजे खरी, स्टुडिओतला फोटो काय, कोणाचाही असू शकतो. पान बदलायला क्लासवाला तयार होता, पण अध्यक्षांचा फोटो तिथून हटवायचा तर अध्यक्षांची परवानगी हवी. ती मागायला मुख्याध्यापकांना सवड होईना.

शेवटी मीच बंगल्यावर गेलो. मुद्दाम वहिनी, म्हणजे अध्यक्षांची पत्नी, बैठकीत असतील अशी वेळ साधली आणि घडलेलं गंभीरपणे सांगितलं.

“म्हणजे नेवाशाच्या लोकांनी यांना बघितलं?” वहिनींनी विचारलं.

“बघितलं, वहिनी.”

“मग?”

“नापसंती कळवलीय.”

“चला, माणसं पारखी आहेत,” म्हणून वहिनी चहा टाकायला आत गेल्या. आतून बराच वेळ भांड्यांपेक्षा हसण्याचाच आवाज येत होता.

अध्यक्षांनी आवाज खाली आणला. “नापसंत कशापायी?”

वय अंमळ जास्त वाटलं, एवढंच मी सांगितलं. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि सगळ्याच पानांवरून आपला फोटो काढायला सांगितलं. संस्थेत इतका तातडीने अमलात आलेला निर्णय मी दुसरा पाहिला नाही.

नव्या पानाने भावाचं समाधान झालं आणि आम्हाला नेवाशाचं बोलावणं आलं. पोहे झाले, शेतीची चौकशी झाली, ओळखीपाळखी निघाल्या. सर घामाघूम होऊन बशीकडे बघत होते. भावाने बहिणीला म्हटलं, तुला काही विचारायचं असेल तर विचार.

तिने सरांकडे नीट, सावकाश पाहिलं.

“लग्नाला तुम्हीच उभे राहणार ना?”

सर म्हणाले, “व्हय.” मग तिच्या वडिलांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला सांगितलं.