झिऱ्याला दवा नाही

बादली मी माझ्याच हातानं डोक्यावर ओतून घेतली. कारण त्या बादलीला हात लावायला गावात दुसरं कुणी तयार नव्हतं.

बादलीत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची, लाल दवा होती. जांभळ्या खड्यांची पूड. पाण्यात पडली की पाणी आधी गुलाबी, मग वांग्याच्या रंगाचं होतं. ती मीच कालवली होती, गावच्या मोठ्या विहिरीपासून तीस पावलांवर, चिंचेखाली बसून, सफाईच्या दरोग्यानं सांगितली तशी. बादली उचलून विहिरीकडं निघालो तर पाटील आडवा आला. माझ्याशी बोलला नाही. दरोग्याला विचारलं,

"कुणी कालवली ही?"

"ह्यानंच."

"ह्यानं? अन् ती आमच्या पाण्यात टाकायलाय तुमी?"

"पाटील, ही दवा आहे. पाणी नाही."

"पाण्यात कालवली म्हंजी पाणीच झालं की. पटकीनं मरू एकवेळ, साहेब. पर ह्येच्या हातचं पिऊन जगायचं न्हाई आमाला."

मागं उभ्या असलेल्यांनी माना हलवल्या. त्यांतल्या दोघांच्या घरातून त्याच सकाळी तिरड्या उठल्या होत्या. त्यांनीही हलवल्या.

मग बादलीचं करायचं काय, असा प्रश्न आला. सरकारी माल. सांडला तर दरोग्याला जबाब द्यावा लागणार. कुणीतरी मागून म्हणालं, "सांडता कशाला? ह्येच्याच अंगावर वता. ह्येची तर पटकी जाईल." लोक हसले. पाटील मला म्हणाला, "घे रे. घे वतून." मी दरोग्याकडं बघितलं. तो घड्याळ बघत होता.

मी ओतली. डोकं, खांदे, छाती. ती दवा अंगावर वाळली की कातडं तपकिरी पडतं आणि कितीही घासलं तरी आठ-दहा दिवस जात नाही. त्या आठवड्यात ते गाव पहिल्यांदाच हसलं असेल.

गावाचं नाव सांगत नाही. पेडगावच्या अंगाला आहे, एवढं पुरे. आजूबाजूच्या कुठल्याही गावाचं नाव लावा, गोष्ट बदलणार नाही.

ही निजामाच्या राज्यातली, शेवटच्या काही वर्षांतली गोष्ट. मी बावीस-तेवीस वर्षांचा. परभणीच्या सरकारी मदरशात उर्दूच्या चार इयत्ता झालेल्या. महाराच्या पोराला ते पुष्कळ झालं असं मास्तर म्हणत, आणि मलाही ते खरं वाटे. पटकीच्या साथीत सरकारनं गावोगाव दवा पाठवली, तेव्हा दरोग्याचं सामान वाहायला मला ठेवलं. दरोगा पितळी गुंड्यांचा कोट घालायचा, भर उन्हाळ्यात, गळ्यापर्यंत लावून. पटकीला कोटाचा धाक असावा अशी त्याची चाल. सायकलवर तो, डोक्यावर दवेचा पत्र्याचा डबा घेऊन मागं मी. चिखलाचा ओढा आला की सायकलही माझ्याकडं.

दरोगा वाईट माणूस नव्हता. हे मी त्याच्या बाजूनं सांगत नाही. वाईट नसलेली माणसं काय करतात ते कळावं म्हणून सांगतो. त्या दिवशी गावाबाहेर आल्यावर त्यानं मला तोंड पुसायला स्वतःचा रुमाल दिला. म्हणाला, "माझा ह्या विटाळावर विश्वास नाही. पण गावाचा मान ठेवावा लागतो." तो रुमाल त्यानं परत घेतला नाही.

त्यानंतर त्यानं आणि पाटलानं बसून एक तोड काढली. कोरड्याला विटाळ नाही, ओल्याला आहे. म्हणून पूड कोरडी असेपर्यंत डबा माझ्या डोक्यावर. विहीर आली की डबा खाली ठेवायचा आणि मी वीस पावलं मागं सरायचं. मग पाटलाचा गडी पूड काढणार, कालवणार, विहिरीत सोडणार. मोठमोठे कायदेपंडित पुढं मी वाचले. इतका बारीक निवाडा कुणाचा दिसला नाही.

पण गड्याला प्रमाण ठाऊक नव्हतं. ते मला ठाऊक होतं. म्हणून मी वीस पावलांवरून ओरडायचो.

"एक चमचा आणिक!"

"लय लाल व्हायलंय की गा!"

"होऊ द्या. उद्या सकाळपतुर गुलाबी दिसलं पायजे. आज कुणी शेंदू नका."

माझा आवाज विहिरीवर चालत होता. आवाज कोरडा असतो.

त्याच गावानं पंधरा दिवसांमागं मरीआईचा गाडा काढला होता. लिंबाचे डहाळे, हळदकुंकू, नारळ, सगळं गाड्यावर घालून देवी वेशीबाहेर नेऊन सोडायची, म्हणजे पटकी तिच्याबरोबर जाते. तो गाडा ओढायचा मान महारांचा. रोग गावाबाहेर न्यायला आमचे हात चालत होते. दवा गावात आणायला चालत नव्हते.

माझी बहीण भागू त्याच गावात दिली होती. महारवाडा ओढ्याच्या पलीकडं. त्यांना विहीर नव्हती. ओढ्याच्या वाळूत हातभर खड्डा करायचा, झिरपून पाणी येईल तसं वाटीनं मडक्यात भरायचं. त्याला झिरा म्हणतात. वरच्या अंगाला गावाची जनावरं, धुणी आणि त्या दिवसांत आजाऱ्यांची लुगडी-धोतरं. खालच्या अंगाला झिरा.

बादली ओतून घेतली त्याच दुपारी मी भागूकडं भाकरी खायला गेलो. तिनं माझं तपकिरी पडलेलं तोंड बघितलं. कुणी केलं ते विचारलं नाही. तिची पोरगी तानी, पाच वर्षांची, माझ्या हातावर बोट घासून रंग निघतो का बघत बसली. भागू म्हणाली,

"दादा, तुझ्या डब्यातली दवा आमच्या झिऱ्याला न्हाई का रं?"

"साहेबाला इचारतो."

"इचार बरं का. सासू गेली परवा. शेजारचं म्हातारं गेलं. मला ह्या पोरीचं भ्या वाटायलंय."

मी दरोग्याला विचारलं. तो वहीत विहिरी लिहीत होता. मान वर न करता म्हणाला,

"हुकूम बावड्यांचा आहे. झिरा म्हणजे बावडी नव्हे."

"साहेब, मानसं तेच पाणी पितेत."

"अरे, वाहतं पाणी. दवा वाहून जाईल. सरकारी माल ओढ्यात सोडू का?"

"मंग रांजनात टाकू द्या. घरटी चिमूटभर."

"हुकुमात रांजण नाही."

मी गप्प बसलो. हे मला नीट लिहायला पाहिजे. मी गप्प बसलो. डबा माझ्याच डोक्यावर होता. चिमूटभर पूड काढायला कितीसा वेळ लागतो? पण सरकारी डबा, सरकारी हुकूम, आणि मी सरकारी माणूस. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला कशाचा तरी माणूस म्हटलं होतं. भागूला सांगितलं, "हुकूम न्हाई." ती म्हणाली, "बरं." आम्हा दोघांनाही हुकूम कळत होता.

सात दिवसांनी दुसऱ्या फेरीला पुन्हा त्या गावात आलो. दरोगा चावडीवर चहा प्यायला थांबला. मी डबा घेऊनच ओढा ओलांडला.

भागू दारात बसली होती. मांडीवर तानीचं परकर-पोलकं. धुऊन, वाळवून, घडी केलेलं. मला काही विचारावं लागलं नाही.

ती म्हणाली, "तुझी दवा गावाला लागू पडली म्हनं. मोठ्या हिरीवालं कुणीच मेलं न्हाई मागल्या आठ दिसांत."

तिनं हे टोमणा म्हणून सांगितलं नाही. भाऊ कामाला चांगला आहे, एवढंच तिला म्हणायचं होतं. मी डबा खाली ठेवला आणि त्याच्याशेजारी बसलो.

डब्याच्या झाकणात एक घडी घातलेला कागद असायचा. नोकरीच्या पहिल्या दिवसापासून होता. त्याच्यावर शिक्का, खाली सही. दरोग्याचा कागद म्हणून मी तो कधी उलगडला नव्हता. मला वाचता येत होतं. चार इयत्ता. बाजारातल्या पुड्यांचे कागदसुद्धा मी वाचून मग टाकायचो. फक्त हा एक वाचला नाही, कारण हा वाचायचा माझा हक्क नाही हे मला कुणी न सांगता ठाऊक होतं.

मी तो उलगडला. उर्दूत, सुंदर अक्षरात. रयत जिथून जिथून पिण्याचं पाणी घेते, ती बावडी असो, झरा असो की नाला, तिथं तिथं दवा टाकावी. वाहतं पाणी असेल तर घरातल्या भांड्यांत टाकावी. जात-मजहब बघू नये.

दोनदा वाचला. कागद खोटं बोलत नव्हता. तो पंधरा दिवस माझ्या डोक्यावर होता. तानी गेली तेव्हाही माझ्याच डोक्यावर होता.

पटकी पाण्यातून पसरते, हे मी नंतर कितीतरी पुस्तकांत वाचलं. माणूस आपल्या हक्काचा कागद न वाचता वाहत राहतो, त्यातून काय पसरतं, ते एकाही पुस्तकात सापडलं नाही.

मी उठलो. भागूचं मडकं घेतलं आणि माझ्या हातानं दवा कालवली. आधी तिच्या रांजणात. मग शेजारी, मग पुढच्या घरी. बाया रांजणांवरची झाकणं काढून उभ्या राहिल्या. मग ओढ्यावर जाऊन झिऱ्यात टाकली. वाळू जांभळी झाली.

गावात बातमी पोचायला वेळ लागला नाही. दरोगा आला, मागं पाटील, मागं दहा-पंधरा माणसं. ओढ्याच्या अलीकडंच सगळे थांबले. दरोगा ओरडला,

"कुणाच्या हुकुमानं?"

"सरकारच्या," मी म्हणालो, आणि कागद वाचायला लागलो. उर्दूत, मास्तरांनी शिकवला तसा, एकेक हर्फ सोडवून. मग सगळ्यांना कळावं म्हणून मराठीत सांगितला. दरोग्याचा चेहरा उतरला. मी वाचलं म्हणून नाही. मी बरोबर वाचलं म्हणून.

"तुला उर्दू येतं?"

"येतं, साहेब. पयल्यापासून येतं. तुमी इचारलं न्हाई. मीबी सांगितलं न्हाई."

पाटील दरोग्याला म्हणाला, "आता महारं हुकूम वाचनार व्हय? मंग आमी काय करायचं, गाडा वढायचा?" ह्या वेळी कुणी हसलं नाही.

दरोगा पाण्यात उतरून पलीकडं आला, कोटासकट. कागद माझ्या हातातून ओढून घेतला आणि तोंडात मारली. ज्या हातानं रुमाल दिला त्याच हातानं. मग हळू आवाजात म्हणाला, "गावासमोर माफी माग. मी वर काही कळवत नाही. तुझी नोकरी राहील."

तो खरंच माझ्यावर उपकार करत होता. रुमालासारखाच. म्हणूनच मला चटकन नाही म्हणता आलं.

"माफी न्हाई. माझ्या बहिनीची पोर मेली. हुकूम तुमच्याजवळ व्हता. ते वहीत लिवा, मंग बोलू."

"नोकरी गेली तुझी."

"जाऊ द्या."

आता डबा उचलणार कोण? गावातला कुणी उचलेना. कोरडा असला म्हणून काय झालं, डोक्यावर ओझं घेणं महाराचं काम. पाटलानं भागूच्या सासऱ्याला हाक मारली. म्हातारा. बायको गेलेली, नात गेलेली. तो उठला, धोतर खोचलं आणि डबा डोक्यावर घेतला. माझ्याकडं बघितलं नाही. त्याचा मला राग आला नाही. त्याच्या रूपानं सात दिवसांपूर्वीचा मीच तिथून चालत गेलो.

भागू म्हणाली, "दादा, आता तू काय करनार?"

कागद दरोग्याजवळ होता. पण मला तो पाठ झाला होता, सहीच्या नावासकट. पुढच्या गावाला दरोगा गाडीवाटेनं जाणार, सायकल असल्यामुळं. ओढ्याकाठानं पायी गेलं की अर्धी वाट वाचते. तिथल्या महारवाड्यालाही विहीर नव्हती, मांगवाड्यालाही नव्हती. दरोगा पोचायच्या आत मी तिथं घरोघर हुकूम म्हणून दाखवणार होतो. बायामाणसांना मडकी घेऊन दरोग्याकडं दवा मागायला वेशीत उभं करणार होतो. मार बसला तर बसेल. आणि त्याच्या पुढच्या गावात पुन्हा तेच.

भागूला एवढंच सांगितलं, "वाचनार."

आणि निघालो.