एका हाताची ओंजळ

त्या उन्हाळ्यात देवीवरचा माझा विश्वास पार उडत आला होता. माझी आई तुळजाभवानीची आराधीण. गळ्यात कवड्यांची माळ घालून मंगळवारी जोगवा मागायला निघाली की परंड्यातल्या भल्याभल्या घरच्या बायका तिच्या पायावर डोकं ठेवत. तिचं उजवं अंग वाऱ्यानं गेलं, वाचाही गेली, तेव्हा आम्ही तिला धाराशिवला एका दवाखान्यात नेलं. निजाम गेला होता, शिवाशिव पाळणं गुन्हा ठरलं होतं. आम्हा मांगवाड्यातल्यांना वॉर्डात खाट मिळाली, एवढ्यावरच मी हुरळले.

भेटायला सकाळ-संध्याकाळच सोडत. दर खेपेला आईचं लुगडं गळ्यापाशी ओलं आणि ओठ मात्र फुटलेले. नर्सबाई म्हणाल्या, पाणी वेळच्या वेळी देतो, म्हातारीच सांडते. मला ते खरं वाटलं. मग ताप चढला. पोटात पाणी गेलं नाही तर ही जगायची नाही, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा शिपायाच्या हातापाया पडून मी दुपारीच आत गेले.

आया तांब्यातून वरून धार धरत होती. आमच्या लोकांना पाणी द्यायची ती पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. प्यायचं तर दोन्ही हातांची ओंजळ तोंडाशी धरायची. आईचा एकच हात हलत होता. पाणी बोटांतून गळ्यावर आणि गळ्यावरून गादीवर जात होतं. आया आपल्या मते पाणीच पाजत होती, तिच्या मनात पाप नव्हतं. त्याचीच मला जास्त चीड आली.

मी पुढं होणार तोच शेजारच्या खाटेवरच्या काकू उठल्या. तुळजापूरच्या पुजाऱ्याच्या घरातली ती विधवा म्हातारी, दम्यानं जेरीस आलेली. त्यांनी आईची मान हातावर घेतली आणि आपलं फुलपात्र तिच्या ओठांना लावलं.

आया म्हणाली, "काकू, मांगाची हाय ती."

"ठाऊक आहे. हिच्या गळ्यातल्या माळेच्या पाया पडायचं आणि गळा कोरडा ठेवायचा, हे मला जमायचं नाही."

आई घटाघटा प्याली. संध्याकाळी काकूंचा मुलगा आला. त्यानं ते फुलपात्र खिडकीबाहेर फेकलं आणि काकूंची खाट वॉर्डाच्या दुसऱ्या टोकाला हलवायला लावली. त्या दिवसापासून मी आईजवळून हलले नाही, कोणी हाकललं तरी. ती वाचली नाही, पण तहानलेली गेली नाही.

माझा भाऊ म्हणतो, काकूंच्या रूपानं देवीच धावून आली. असेलही. पण मग त्या लोकांनी देवीलाही कोपऱ्यात नेऊन टाकलं, हे तो बोलत नाही.

आता जोगव्याला मी जाते. त्याच घरांतल्या बायका माझ्या पायावर वाकतात आणि प्यायला मागितलं तर वरूनच ओततात. सुरुवातीला मन पेटून उठायचं. मग ते ओझंही देवीच्या पायाशी ठेवलं. मी प्रत्येकीच्या कपाळाला कुंकू लावते. आशीर्वाद देवी आईसाहेबांचा, हात तेवढा माझा, म्हणून तो देता येतो. माझ्या पदरचा असता, तर एकट्या काकूंना दिला असता.