गोरे इस्राएल, काळे इस्राएल

"जस्ट टू बी ऑन द सेफ साइड," रब्बाय म्हणाले. माझ्याकडे न बघता. डेव्हिडकडे बघून.

लग्नाची तारीख घ्यायला गेलो होतो, मी आणि डेव्हिड. नॉर्थ लंडनमधलं त्याच्या घरच्यांचं सिनेगॉग, रब्बाय तिथले धर्मगुरू. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. इंडियन ज्यू म्हटल्यावर रब्बायना माझं मूळच पटेना. मागच्या पिढ्यांत कोणी कोणाशी लग्नं केली, काय माहीत! म्हणून मी डुबकी घ्यायची. बाहेरच्या बाईला धर्मात घेताना देतात ती.

आम्ही इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी. माझे पूर्वज अलिबागेकडे तेलाचे घाणे चालवायचे. शनिवारी शब्बाथ, विश्रांतीचा पवित्र दिवस, म्हणून घाणा बंद. गाव त्यांना शनवार तेली म्हणायचं. गावाला कळत होतं आम्ही कोण. यांना कळेना.

बाहेर गाडीत डेव्हिडची बहीण कॅरन बसली होती. कोळंबीचं सँडविच खात. कोळंबी आम्हा यहुद्यांना वर्ज्य. शनिवारी शॉपिंग करणारी बाई. तिला जन्मात कोणी काही विचारलं नाही. गोरी कातडी, झालं काम. मला तिचा फार हेवा वाटला. कोकणातल्या घरची असून मी कधी कोळंबीला हात लावला नाही हो!

"लग्नाआधी नवरी डुबकी घेतेच ना?" डेव्हिड म्हणाला. "पाणी तेच."

पाणी तेच. पण ही डुबकी म्हणजे कबुली, की तोवर मी यहुदी नव्हते. यहुदीपण आईकडून येतं. म्हणजे माझी आईही नव्हती. लंडनमध्येच, हाउन्सलोच्या गारठलेल्या किचनमध्ये दर शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथचे दिवे लावणारी माझी आई.

घरी जाऊन तिला सांगितलं. वाटलं, भडकेल.

ती म्हणाली, "आपण गोरे इस्राएल, हे सांगितलंस का त्यांना? काळ्यांना विचारलं तर एक वेळ ठीक. आपल्यात भेसळ नाही गं."

काळे इस्राएल म्हणजे आमच्यातलेच. फक्त कुणाची तरी आजी-पणजी बाहेरची. त्यांच्याशी सोयरीक नाही. आमच्या रस्त्यावरची सारामावशी त्यांच्यातली. तिने प्रेमाने आणलेला मलिदा, आमचा गोड पोह्यांचा प्रसाद, आई हसून घ्यायची आणि दार लागलं की बिनमध्ये टाकायची.

"आई, आज मी सारामावशी होते," मी म्हणाले.

"तुझं आपलं काहीतरीच," म्हणत आई भांडी घासायला वळली. मला रडू आलं नाही. संताप आला. रब्बायचा आणि तिचाही.

दुसऱ्या दिवशी रब्बायना फोन केला. डुबकी घेणार नाही. आम्ही गोरे इस्राएल, असा रक्ताचा दाखलाही देणार नाही. डेव्हिड ओरडला, "एवढ्याशा पाण्यासाठी लग्न मोडतेस?"

हो. मोडलं.

पुढे कॅरनचं लग्न त्याच सिनेगॉगमध्ये झालं. फोटो बघून मी जळले. खोटं कशाला बोलू, अजून जळते. तिला जे न विचारता मिळालं ते मला हवंय. तसंच, न विचारता. चौकशी करून देणार असाल तर ठेवा तुमच्याकडेच. आणि आमच्यातला कोणी मला गोरी इस्राएल म्हणाला, तर त्याच्या घरचं पाणीसुद्धा पिणार नाही.